काळवीट पोसतो कोण?

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सरकारी मालकीची वन्यजीव व्यवस्थापन क्षेत्रं आहेत. हंगाम ठरलेला, परवान्याचे पैसे भरायचे आणि नेमून दिलेल्या संख्येत हरीण किंवा बदक मारायचं. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला आणि त्या पैशातून उजाड कुरणं, पाणथळी पुन्हा उभ्या राहिल्या. ही व्यवस्था तिथे चालली, हे मान्यच करायला हवं. म्हणूनच आपल्याकडे रानडुकरांनी मका लोळवला की हौशी शिकाऱ्यांना परवाने द्या, शेतकऱ्याचा त्रास जाईल आणि सरकारलाही पैसा मिळेल, अशी मागणी होते. अहिल्यानगर जिल्ह्यात मात्र ती टिकत नाही, कारण इथे वन्यप्राणी राहतो कुठे आणि त्याला पोसतो कोण, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं निराळी आहेत.

कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य 1980 मध्ये काळविटांसाठी घोषित झालं. क्षेत्रफळ 2.17 चौरस किलोमीटर, म्हणजे जेमतेम 217 हेक्टर. एवढ्या जागेत काळविटांचे कळप मावत नाहीत. बाभळी-हिवरांच्या विरळ रानातून ते बाहेर पडतात आणि रब्बीत ज्वारीचे कोंब, हरभऱ्याचे शेंडे खुडतात. खाण्यापेक्षा तुडवल्यामुळे होणारं नुकसान काही वेळा जास्त असतं. दुसऱ्या टोकाचं उदाहरणही याच भागातलं आहे. 1979 मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात मिळून 8,496 चौरस किलोमीटरचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावंच्या गावं, शेतं, रस्ते आले, लोकांचा रोष वाढला आणि अखेर ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. कुंपणाएवढं अभयारण्य प्राण्याला पुरत नाही आणि तालुक्याएवढं माणसाला पेलत नाही. या दोहोंच्या मधली जागा म्हणजे खासगी शेतं, गायरानं आणि माळरानं, आणि प्राणी खरा राहतो तो तिथेच. अमेरिकेत शिकारी जमिनीचा खर्च उचलतो. इथे तो खर्च कर्जतचा कोरडवाहू शेतकरी रोज उचलतो आणि त्याची पुरती नोंद कुठल्याच हिशेबात होत नाही.

शिकारीचा अनुभव आपल्याला नवा नाही. 1951 च्या मुंबई राज्याच्या कायद्यात शिकारीचे परवाने होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना लगाम घातला आणि 1991 च्या दुरुस्तीने हौसेची शिकार संपली. त्या बंदीची खरी झळ फासेपारध्यांना बसली. पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून हरणं-तितर धरणाऱ्या या समाजावर इंग्रजांनी गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो 1952 मध्ये कागदावर पुसला गेला, पण संशय गेला नाही. पोटासाठी फासा लावणारा तुरुंगात आणि पैसे भरून बंदूक रोखणारा पाहुणा, ही व्यवस्था मला न्यायाची वाटत नाही.

मग रानडुकरांचं काय, हा आक्षेप रास्त आहे. त्याला कायद्यात वाट आहे. कलम 11 खाली पिकांना उपद्रव देणाऱ्या रानडुकराला मारण्याची परवानगी अधिकृत अधिकारी देऊ शकतो. ती वेळेत मिळावी, हा आग्रह धरायलाच हवा. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्याने केवळ पिकाच्या नुकसानीसाठी ही मुभा त्याला लागू होत नाही, आणि तेच बरोबर आहे. शिवाय काळवीट चरतो त्या सपाट माळावर रायफलची गोळी फार लांब जाते आणि त्याच माळावर धनगरांची मेंढरं असतात, खुरपणीच्या बाया असतात.

दुसरा आक्षेप बिबट्याचा: तो वस्तीत वावरतो, मग त्याच्या शिकारीला परवाने का नकोत? अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 प्रौढ बिबटे आढळले. अभयारण्यात नव्हे, भर वस्तीच्या शेतशिवारात. त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने कुत्र्यांचा वाटा 39 टक्के होता. शेजारच्या जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा उपाय झाला, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले. नेमका कोणता प्राणी, कुठे आणि का, हे न पाहता केलेली उचलबांगडी अंगाशी येते. परवानाधारक शिकारीत तर जनावर निवडतो तो शिकारी, आणि त्याची नजर शेळ्या ओढून नेणाऱ्या बिबट्यापेक्षा मोठ्या कातड्यावर असणार. माणसावर हल्ला करणाऱ्या बिबट्याबाबत मात्र दिरंगाई नको. लेकरू गमावलेल्या घराला आकडेवारी ऐकवण्यात अर्थ नसतो.

म्हणून व्यवस्थापनाची सुरुवात बंदुकीऐवजी मोबदल्यापासून व्हावी. आज पीक गेल्यावर अर्ज करायचा, पंचनाम्याची वाट पाहायची आणि पैसा येईपर्यंत पुढची पेरणी गाठायची, असा क्रम आहे. रेहेकुरीभोवतीच्या गावांना काळवीट शिवारात राहू देण्याबद्दल हेक्टरी ठरावीक रक्कम पेरणीच्या वेळीच मिळायला हवी. माळावर गिरिपुष्पासारखी झाडं लावण्याचा हट्ट सोडून पवना, कुसळीसारखं गवत वाढू दिलं, तर काळविटाचा पिकावरचा भार हलका होईल आणि मेंढरांनाही चारा मिळेल. कायद्याच्या कलम 36-सी खाली गाव किंवा एखादा शेतकरी स्वतःहून पुढे आला, तर त्याची जमीन समुदाय राखीव क्षेत्र म्हणून घोषित होऊ शकते. त्यासाठी जमिनीची मालकी सोडावी लागत नाही आणि देखरेखीच्या समितीत गावाचे प्रतिनिधी बसतात. फासेपारध्यांना तिथे राखणदार म्हणून पगारी काम द्यावं. जनावराचा माग त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला कळत नाही.