वेग आणि गुप्तता

एखाद्या रुग्णालयाच्या दोन इमारतींमध्यें रोग्यांचीं टिपणें जातात किंवा बँकेच्या शाखेंतील हिशेब मुख्य कचेरींत पोंचतात, तेव्हां तो मजकूर सलग जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे पडतात. त्यांस पॅकेट म्हणतात. वाट परक्याच्या मालकीची असल्यामुळें प्रत्येक पॅकेट कूटलिपींत बदलावें लागतें आणि वाटेंत त्यांत कोणी ढवळाढवळ केल्यास कळावी म्हणून त्यावर मोहोर उठवावी लागते. आयपीसेक नांवाची नियमावली याच कामासाठीं आहे. परंतु या कामास वेळ लागतो, आणि वेळ वांचविण्याच्या मोहानें गुप्ततेवरच पाणी सोडण्याकडे कल होतो. वेगळें महाग यंत्र न घेतां, साध्या संगणकावर वेग व गुप्तता दोन्ही साधतील काय, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम वेगाचा हिशेब पाहणें इष्ट होईल. सेकंदास १० गिगाबिट वाहून नेणाऱ्या इथरनेटवर ६४ बाइटांचीं, म्हणजे सर्वांत लहान पॅकेटें दर सेकंदास १ कोटी ४८ लाखांहून अधिक येऊं शकतात. एका पॅकेटाच्या वांट्यास सुमारें ६७ नॅनोसेकंद येतात. तेवढ्या अवधींत ३ गिगाहर्ट्झ प्रोसेसरचे जेमतेम २०० ठोके पडतात. सामान्य रीतींत पॅकेट आलें कीं नेटवर्क कार्ड प्रोसेसरास हांक मारतें, हातचें काम थांबतें, आणि मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागीं उतरविला जातो. या धांदलींतच ते ठोके संपून जातात.

म्हणून इंटेल कंपनींत जन्मलेल्या आणि २०१७ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालीं असलेल्या डीपीडीके या सॉफ्टवेअर-संचानें निराळी रीत धरली. दारावरची घंटा वाजण्याची वाट न पाहतां पहारेकरी दारांतच उभा राहावा, त्याप्रमाणें प्रोसेसरचा एक कोअर कार्डाकडे अखंड पाहत राहतो आणि पॅकेटें झुबक्याझुबक्यानें उचलतो. अर्थात् तो कोअर काम असो वा नसो पूर्णपणें गुंतलेला राहतो, ही या रीतीची किंमत होय. डिसेंबर २०१५ च्या २.२ या आवृत्तींत या संचाला कूटलेखनाची जोड मिळाली, आणि तींतच सॉफ्टवेअर ड्रायव्हरही आला.

या ड्रायव्हरचें रहस्य एका उदाहरणानें उकलतें. योआन दामेन आणि विन्सेंट रायमेन या बेल्जियन विद्वानांची कूटपद्धति २००१ मध्यें अमेरिकेनें एईएस या नांवानें प्रमाण ठरविली. २०१० पासून इंटेलच्या प्रोसेसरांत तिच्यासाठीं खास आज्ञा आल्या. तीत १६ बाइटांचा एकेक घास घेऊन, १२८ बिटांची किल्ली असल्यास, त्यावर १० फेऱ्या होतात. १५०० बाइटांच्या पॅकेटांत असे सुमारें ९४ घास, म्हणजे ९४० फेऱ्या झाल्या. २०१३ च्या हॅस्वेल पिढींत एका फेरीचें उत्तर हातीं येण्यास ७ ठोके लागत. सीबीसी या साखळीपद्धतींत मागच्या घासाचें उत्तर आल्यावांचून पुढचा घास घेतां येत नाहीं. म्हणून एका पॅकेटास साडेसहा हजारांवर ठोके लागणार. १० गिगाबिटांच्या तारेवर तर असें पॅकेट दर ३,७०० ठोक्यांस दारांत उभें! एका कोअरच्यानें हें काम होणें नाहीं.

परंतु हिशेबांतील गोम अशी, कीं उत्तरास ७ ठोके लागले तरी नवी फेरी दर ठोक्यास सुरू करतां येते. प्रोसेसर थकलेला नसतो. तो नुसता वाट पाहत असतो. एकाच तव्यापाशीं बसलेल्या सुगरणीला भाकरी भाजेपर्यंत हात जोडून बसावें लागतें; तिच्यापुढें अनेक तवे असले तर एक उलटेपर्यंत दुसरा तापतो, तिसऱ्यावर भाकरी पडते. भाकरी लवकर भाजत नाहीं, पण टोपली लवकर भरते. हा ड्रायव्हर असेंच आठ वेगवेगळीं पॅकेटें एकदम हातांत घेतो. साखळी प्रत्येक पॅकेटाच्या पोटांत असते, दोन पॅकेटांमध्यें नसते. त्यामुळें कूटलेखनापुरता खर्च तत्त्वतः पॅकेटामागें हजाराच्या आंत येतो. मोहोर व इतर उठाठेव यांचा खर्च निराळा.

मांडणींत क्रम संभाळावा लागतो. इंटेलचें आयपीसेक-एमबी हें ग्रंथालय आणि तें घडविण्यास लागणारा नॅसम असेंब्लर आधीं बसवावा. नंतर डीपीडीकेची बांधणी करावी. क्रम चुकला तरी बांधणी यशस्वी झाल्याचेंच दिसतें. ग्रंथालय न सांपडल्यामुळें ड्रायव्हर मात्र गाळला जातो. वगळलेल्या भागांची यादी म्हणूनच डोळ्यांखालून घालावी. ग्रंथालयाची आवृत्ति डीपीडीकेच्या आवृत्तीशीं जुळते कीं नाहीं, याचें कोष्टक अधिकृत माहितींत असतें. ४ किलोबाइटांऐवजीं २ मेगाबाइटांचीं मोठीं स्मृतिपृष्ठें राखून ठेवावीं. दोन प्रोसेसरांच्या यंत्रांत कार्ड, स्मृति व कोअर एकाच बाजूस असावेत. ड्रायव्हर हें खरें यंत्र नसल्यामुळें कार्यक्रम सुरू करतांना त्याचें नांव आभासी उपकरण म्हणून सांगावें लागतें.

एवढ्यानें काम संपत नाहीं. दिलेलीं पॅकेटें परत मागत राहिलें पाहिजे. वर्दळ थोडी असतां आठ तवे भरत नाहींत, आणि मागणी थांबली तर अर्धवट काम तसेंच अडकून राहतें. याहून गंभीर चूक आणखी एक आहे. चाचणीसाठीं डीपीडीकेंत एक शून्य ड्रायव्हरही मिळतो; तो कूटलेखन न करतां पॅकेट जसेंच्या तसें परत देतो. नुसती वाहतूक किती वेगानें होते हें मोजण्यास तो फार उपयोगी पडतो. पण चाचणीनंतर तो चुकून तसाच राहिला, तर वेगाचे आंकडे पाहून समाधान वाटावें आणि रोग्यांचीं टिपणें मात्र उघडीं तारेवरून जावीं, असा प्रसंग ओढवेल. म्हणून संचाबरोबर येणारी स्वयंपरीक्षा चालवून ज्ञात उत्तरांशीं निकाल ताडावा, आणि बाहेर पडलेलें एखादें पॅकेट पकडून त्यांत मूळ मजकूर वाचतां येत नाहीं, याची डोळ्यांनीं खात्री करावी.

सर्वच ठिकाणीं हा खटाटोप करावा असें नाहीं. घरगुती वापरास किंवा मंद तारेस लिनक्सची नेहमींची व्यवस्था पुरते. जेथें वर्दळ अफाट आहे, तेथें मात्र गुप्ततेला फार वेळ लागतो ही सबब आतां पूर्वीइतकी टिकत नाहीं. तो वेळ बव्हंशीं वाट पाहण्यांत जात होता.