वापरलेल्या लष्करी पुंगळ्यांचा पुनर्वापर : स्वस्त पितळ आणि अचूक नेम

प्रस्तावना

रायफलीच्या काडतुसाचे चार घटक असतात : गोळी, दारू, ती पेटविणारा प्राइमर आणि या तिघांना एकत्र धरणारी पितळी पुंगळी. गोळी झाडल्यावर पहिले तीन घटक खर्ची पडतात. पुंगळी मात्र शिल्लक राहते. म्हणूनच अमेरिकेतील हौशी नेमबाजांमध्ये ती पुन्हा भरून वापरण्याची प्रथा फार पूर्वीपासून रूढ आहे. लष्कराच्या सराव-मैदानांवर जमा होणाऱ्या पुंगळ्या तेथे स्वस्तात विकल्या जातात. अशा पुंगळ्या निकामी करूनच विकाव्यात, असे धोरण मार्च २००९ मध्ये तेथील संरक्षण खात्याने अवलंबिले. त्यास मोंटाना राज्याच्या मॅक्स बॉकस व जॉन टेस्टर या सिनेटरांनी हरकत घेतली आणि त्याच महिन्यात ते मागे घ्यावे लागले. यावरून या मालाचे महत्त्व ध्यानात यावे.

स्वस्त पुंगळीतून अचूक नेम साधतो काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात धातुशास्त्राच्या अंगाने केला आहे.

लष्करी पुंगळी व लहान कॅलिबरची रायफल

१९५० मध्ये आलेले .२२२ रेमिंग्टन हे काडतूस अचूकतेच्या स्पर्धांमध्ये दीर्घकाळ अग्रेसर होते. त्याचाच विस्तार होऊन ५.५६ मिलिमीटरचे लष्करी काडतूस व त्याचे नागरी रूप .२२३ रेमिंग्टन (१९६४) सिद्ध झाले. या दोहोंच्या पुंगळ्यांची बाह्य मापे सारखीच असल्याने लष्करी पुंगळी नागरी रायफलीस चालते. तिची मान आवळून .२० कॅलिबरची, तर रुंदावून ६ मिलिमीटरची काडतुसेही तयार करतात.

मिसूरी राज्यातील लेक सिटी कारखान्याच्या पुंगळीच्या बुडावर ‘एलसी’ ही अक्षरे व वर्षाचे दोन अंक असतात. त्यावरून कारखाना व वर्ष कळते. परंतु ती कोणत्या शस्त्रातून झाडली गेली, हे कळत नाही. मशीनगनच्या सैल चेंबरमध्ये पुंगळी साध्या रायफलीतल्यापेक्षा अधिक ताणली जाते. धातूचा हा अज्ञात पूर्वेतिहास हीच स्वस्त मालाची खरी अडचण होय.

पितळेचा स्वभाव

पुंगळीच्या पितळेत सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. दारू पेटताच पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते व वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच किंचित आकसून मोकळी होते. तन्यता व स्थितिस्थापकता यांचा हा मेळ पितळेत उत्तम साधतो. मात्र प्रत्येक वेळी फुगण्याने आणि साच्यातून पूर्ववत आवळण्याने धातू कठीण व ठिसूळ होत जातो. भांडे घडविताना तांबट ते मधूनच भट्टीत तापवून घेतो, त्याचे कारण हेच. पोलाद तापवून एकदम थंड केल्यास कठीण होते. पितळ तसे होत नाही. ते ठोकून कठीण होते आणि तापवून मऊ होते. या तापवून मऊ करण्यास अनुशीतन म्हणतात.

पुंगळीची मान मऊ हवी, बूड मात्र कठीणच राहिले पाहिजे. .२२३ रेमिंग्टनमध्ये कमाल दाब वातावरणीय दाबाच्या सुमारे ३,७०० पट असू शकतो. बुडाचा काही भाग चेंबरच्या भिंतीबाहेर असल्याने तेथे तो धातूलाच पेलावा लागतो, आणि नेमबाजाचा चेहरा तेथून जवळच असतो. संपूर्ण पुंगळी तापविणे हा म्हणूनच गंभीर अपघातास आमंत्रण देणारा प्रकार होय.

मानेच्या अनुशीतनाचे महत्त्व पटविणारा एक अनुभव हिंदुस्थानातील आहे. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात तबेल्यांत साठविलेल्या काडतुसांच्या माना आपोआप तडकत असत. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये याची उकल केली : घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, हवेतील ओलावा आणि घडणीवेळी धातूत राहिलेला अंतर्गत ताण यांच्या संयोगाने हे तडे पडत. अनुशीतनाने तो ताण निघून जातो. अमोनियायुक्त द्रावणाने पुंगळ्या स्वच्छ करू नयेत, हा आजचा नियमही येथूनच समजतो.

निवड व अचूकता

अचूकता म्हणजे पुनरावृत्ती. मानेची पकड प्रत्येक पुंगळीत सारखी नसेल तर गोळी सुटण्याचा दाब व पर्यायाने वेग बदलतो. पुंगळीचे आतील घनफळ बदलले तरी हाच परिणाम होतो. बाह्य मापे समान असता जड पुंगळीत धातू अधिक, म्हणजेच सामान्यतः आतील जागा कमी असते. यास्तव प्रथम कारखाना व वर्ष यांनुसार, नंतर वजनानुसार वर्गवारी करतात.

लष्करी पुंगळीत प्राइमरभोवतीची कड दाबून बसविलेली असते. ती काढल्याशिवाय नवा प्राइमर नीट बसत नाही. काही देशांच्या पुंगळ्यांत बुडाला एकाऐवजी दोन छिद्रे असतात. अशा बर्डन पद्धतीच्या पुंगळ्या नेहमीच्या अवजारांनी पुन्हा भरता येत नसल्याने बाजूला काढाव्या लागतात. लांबी ४४.७० मिलिमीटरहून अधिक झाल्यास तोंड छाटावे लागते. बुडाच्या किंचित वर चकाकते वलय दिसले आणि आतून तारेच्या टोकाला खाच लागली, तर तेथे भिंत पातळ झाली आहे असे समजून ती पुंगळी भंगारात टाकणेच इष्ट.

समारोप

स्वस्त पुंगळीतून अचूक नेम साधता येतो. परंतु पैशांत झालेली बचत श्रमांत व नकारांत फेडावी लागते. एकाच कारखान्याच्या, एकाच वर्षाच्या, तपासलेल्या थोड्या पुंगळ्या ढीगभर मिश्र मालापेक्षा अधिक मोलाच्या ठरतात. येथे किंमत धातूची नसून त्याविषयीच्या ज्ञानाची आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ अन्वये परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास मनाई असल्याने हा विषय आपल्यासाठी मुख्यतः अभ्यासाचा राहतो. तथापि, एकाच वस्तूच्या दोन टोकांना परस्परविरुद्ध गुण द्यावे लागतात आणि ते गुण वापरागणिक बदलत जातात, हे पदार्थविज्ञानाच्या वर्गात समजावून सांगण्यास या बोटभर पुंगळीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.