मातीतून मॅटवर (भाग ६) : वस्ताद आंदळकर

मागच्या भागात रशियाची साम्बो पाहिली. १९३८मध्ये सोव्हिएत सरकारने मान्यता दिलेला हा खेळ. मल्ल जाकीट घालतो, त्याची बाही आणि पट्टा धरून प्रतिस्पर्ध्याला फेकतो. पायाच्या सांध्यावर ताण देणारे डाव टाकायलाही मुभा असते. ही विद्या रचणाऱ्यांपैकी एक, वासिली ओश्चेपकोव, आधी जपानमध्ये ज्यूदो शिकले आणि मग मायदेशी प्रशिक्षक झाले. एका रिंगणातली विद्या दुसऱ्या रिंगणात नेऊ शकणारा मल्लच थोर गुरू होतो, असं मला वाटतं. आपल्याकडे याचं ठळक उदाहरण म्हणजे गणपतराव आंदळकर.

शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे आंदळकर १९३५चे. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत ते घडले. तेल, ताक, हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीचा हौद, जोर-बैठका, मेहनत आणि खुराक, हेच त्यांचं जग. १९६०मध्ये ते हिंदकेसरी झाले.

खरी परीक्षा पुढे होती. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ते ग्रीको-रोमनमध्येही उतरले. या प्रकारात कमरेखाली हात लावायचा नाही, पाय वापरायचा नाही. आपल्या अलिबाग-पेणकडच्या कबड्डीपटूला ‘चढाईवाल्याचा घोटा आणि मांडी सोडून पकड कर’ असं सांगितलं तर त्याचं काय होईल, तेच मातीतल्या मल्लाचं इथे होतं. पट बाद, टांग बाद, मांडीखाली हात घालून उचलायचा कलाजंगही बाद. उरतात ते बगलडूब आणि धोबीपछाडसारखे वरच्या अंगाचे डाव, आणि छातीला छाती भिडवून सोसायची ताकद. आंदळकरांनी त्यात सुवर्णपदक जिंकलं आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. दोन वर्षांनी टोकियो ऑलिम्पिक आणि अर्जुन पुरस्कार.

जकार्ताच्या त्या सुवर्णाची आठवण महाराष्ट्राने जितकी ठेवायला हवी होती तितकी ठेवली नाही, याची मला मनापासून खंत आहे. ते यश सोपं नव्हतं. मातीत कुस्तीचा निकाल चीतपटीवर. तिथे दमानं, वाट पाहून लढता येतं. मॅटवर घड्याळ असतं, गुण असतात, वर्तुळाची हद्द असते. एवढं सगळं अंगवळणी पाडणं म्हणजे वर्षानुवर्षांच्या सवयी मोडणं, तेही ऐन भरात असताना.

पुढे मोतीबागेतच ते वस्ताद झाले. वस्तादाचं काम डाव दाखवून संपत नाही. कोणत्या पोराच्या खांद्यात ढाक आहे, कुणाच्या कमरेत सवारी आहे, कुणाला आज लढत द्यायची नाही, हे त्याला ओळखावं लागतं. खुराकापासून जोडीपर्यंत सगळ्यावर त्याची नजर लागते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली दादू चौगुले तयार झाले: १९७० आणि १९७१चे महाराष्ट्र केसरी, पुढे रुस्तुम-ए-हिंद, १९७४च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. चौगुलेही मग वस्ताद झाले. त्यांचा मुलगा विनोद महाराष्ट्र केसरी झाला.

२०१८च्या ऑगस्टमध्ये आशियाई स्पर्धा पुन्हा जकार्तात भरली आणि त्या वेळी साम्बोचाही समावेश होता. त्यानंतर काही दिवसांनी, १६ सप्टेंबरला, आंदळकर गेले.

पुढच्या आठवड्यात रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार : १९७०चं राष्ट्रकुल सुवर्ण आणि पुण्यातली गोकुळ वस्ताद तालीम.