मक्याचा तुरा : काढावा की ठेवावा?

भातकापणीनंतर कल्याण, मुरबाड, शहापूर भागात ज्यांच्याकडे विहिरीचे किंवा नदीचे पाणी आहे त्यांना मका हे चांगले पीक आहे. ठाणे, डोंबिवलीसारखे गिऱ्हाईक दाराशी आहे. मात्र 'तुरा काढला की कणीस पोसते' असे ऐकून सरसकट तुरे खुडाल, तर हातचे पीक जाईल.

शेंड्यावरचा तुरा म्हणजे नर आणि कणीस म्हणजे मादी. तुऱ्यातले परागकण वाऱ्याने कणसाच्या केसांवर पडतात. एका केसामागे एक दाणा भरतो. म्हणून मका कशासाठी लावला, ते आधी बघा.

बेबीकॉर्न असेल तर प्रत्येक झाडाचा तुरा काढा. यात दाणा भरायलाच नको. तुरा पानांतून वर आला, पण पराग उधळायला लागला नाही, हीच वेळ. एका हाताने ताट धरा, दुसऱ्या हाताने तुरा सरळ वर उपटा. सोबत पाने तोडू नका, पाने गेली की उत्पन्न घटते. काढलेला तुरा गुरांना घाला. केस दिसल्यापासून एक ते तीन दिवसांत कणसे खुडा. उशीर झाला की कणीस जून होते आणि भाव पडतो.

मधुमका असेल तर तुऱ्याला हातही लावू नका. सगळेच तुरे काढलेत तर बुरकुंड्याच हाती येतील!

संकरित बियाण्याचा प्लॉट असेल तर फक्त मादी ओळींचे तुरे काढा, नर ओळी तशाच ठेवा. हे काम रोज, साधारण दोन आठवडे चालते. रविवार असो की लग्नसराई, खाडा चालत नाही. चार तुरे नजरेतून सुटले तरी बियाण्यात भेसळ होते आणि प्लॉट नापास होऊ शकतो. प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या मक्यापासून दोनशे मीटर अंतर लागते.

इथेच शेजारधर्माचा प्रश्न येतो. तुमच्या वैरणीच्या मक्याचा पराग शेजाऱ्याच्या मधुमक्यावर पडला, तर त्याच्या दाण्याची गोडी जाते. वारा बांध मानत नाही! तेव्हा पेरणीपूर्वी सरपंचांनी शेतकऱ्यांना एकत्र बसवावे. कोण कुठे, कोणता मका लावणार ते ठरवावे. अंतर ठेवणे जमत नसेल, तर पेरणीत तीनेक आठवड्यांचे अंतर ठेवा, म्हणजे दोन्हींचा फुलोरा एकाच वेळी येणार नाही.

तुरा काढायला क्षण लागतो, पण चुकला तर हंगाम जातो. आधी विचारा, मगच हात घाला.