मिळून वाचू या (भाग ५) : यादी अडते तिथे

मागच्या आठवड्यात आपण यादी कशी करायची ते पाहिलं. चार मित्रमैत्रिणी जमल्या, चहा झाला की तासाभरात वीस कादंबऱ्यांची नावं कागदावर उतरतात. पहिलं पुस्तक सगळे वाचतात, दुसरं बहुतेक जण वाचतात. तिसऱ्याच्या वेळी कोणाच्या घरी पाहुणे येतात, कोणाच्या मुलांच्या परीक्षा निघतात. भेट पुढे ढकलली जाते, आणि एकदा पुढे गेलेली भेट सहसा पुढेच जात राहते. आजचा भाग या तिसऱ्या पुस्तकाबद्दल आहे.

वाचणारे आळशी असतात म्हणून गट मोडतात, हे मला पटत नाही. पद्धत चुकते म्हणून ते मोडतात. प्रत्येकानं आपापल्या घरी पुस्तक संपवायचं आणि भेटीत फक्त मत सांगायचं, असं ठरलेलं असतं. मत सांगायला किती वेळ लागतो? ‘आवडलं’, ‘थोडं लांबलंय’, ‘शेवट पटला नाही’, आणि मग गप्पा फ्लॅटच्या हप्त्यांवर जातात. तेवढ्यासाठी शेकडो पानं उरकून शहराच्या दुसऱ्या टोकाला जावंसं कोणाला वाटणार? भेटीत पुस्तक उघडलं पाहिजे आणि त्यातली काही पानं मोठ्यानं वाचली पाहिजेत. अर्धा तास पुरतो. मराठीतल्या पुष्कळशा जुन्या कादंबऱ्या डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतात, हे एकदा अनुभवलं की पुढच्या भेटीसाठी कोणाच्या मागे लागावं लागत नाही.

आधी क्रमाबद्दल थोडं. अभ्यासू मंडळी सालवारी लावतात. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७चं, म्हणून ते पहिलं. मग १८६१ची ‘मुक्तामाला’, १८७१ची ‘मोचनगड’. विधवांच्या स्थितीबद्दल इतक्या लवकर मराठीत कथा लिहिली गेली, म्हणून ‘यमुनापर्यटन’चं मोल फार मोठं आहे. पण गटाची सुरुवात तिथून करू नये. त्यातल्या उपदेशाच्या लांब उताऱ्यांशी जुळवून घ्यायला वाचणाऱ्याला आधी कादंबरीची गोडी लागलेली असावी लागते. सुरुवात विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’नं करावी किंवा व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’नं. दोन्ही आकारानं लहान आहेत, एका रविवारी वाचून होतात, आणि दोन्ही वाचल्यावर माणूस गप्प राहू शकत नाही. ‘रणांगण’ १९३९चं. युरोपातून हिंदुस्थानकडे येणारी बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेली ज्यू माणसं, आणि चक्रधर आणि हॅर्टा यांची अवघ्या काही दिवसांची ओळख. चक्रधर वागला ते बरोबर की चूक, यावर आमच्याकडे जे बोलणं सुरू झालं ते जिन्यात आणि फाटकाशीही चालू होतं. गटाची पहिली भेट अशी व्हायला हवी.

तिसऱ्या जागी मी ‘पण लक्षात कोण घेतो’ ठेवीन. नेमक्या अडायच्या जागी एवढी जाडजूड आणि एवढ्या दुःखाची कादंबरी का, असं कोणी विचारील. कारण ही कादंबरी मुळात एका बैठकीत वाचण्यासाठी लिहिलेलीच नव्हती. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि ही कथा त्यातून आठवड्याआठवड्यानं छापली. पुस्तक नंतर, १८९३ साली आलं. म्हणजे पहिल्या वाचकांना ती तुकड्यातुकड्यानं मिळाली. मधल्या दिवसांत कादंबरीची नायिका यमू हिचं पुढं काय होणार याची चिंता त्यांच्या मनात राहिली असणार. आपण तीच कादंबरी सुट्टीत चार दिवसांत संपवायला बसतो, त्यातल्या शंकरमामंजींचं कारस्थान एका दमात अंगावर घेतो आणि थकतो. मग दोष कादंबरीला देतो.

ती तेव्हाच्या चालीनं वाचून पाहा. आठवड्याला तीन-चार प्रकरणं, त्याहून जास्त नाही, आणि पुढचं चोरून वाचायचं नाही. भेट प्रत्यक्ष होणार नसेल तर फोनवर अर्धा तास पुरे. आमच्या गटातली एक मैत्रीण परदेशी असते. आमची सकाळ म्हणजे तिची रात्र, पण या कादंबरीच्या महिन्यांत तिनं कधी दांडी मारली नाही.

त्या पहिल्या वाचकांभोवती काय चाललं होतं, हेही गटातल्या एकानं आधी वाचून आणावं. पंडिता रमाबाईंचं शारदासदन १८८९ साली मुंबईत सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आलं. संमतिवयाच्या विधेयकावरून पुणं दोन बाजूंना फाटलं होतं. सहवासासाठी मुलीचं किमान वय दहावरून बारा करायचं, एवढ्या एका सुधारणेवर सभा आणि अग्रलेख झडत होते. टिळक विरोधात, सुधारक बाजूनं. कायदा १८९१च्या मार्चमध्ये झाला. नेमक्या त्याच काळात ‘करमणूक’च्या अंकांतून एक बाई आपल्या लहानपणापासूनची हकीकत स्वतःच्या तोंडानं सांगत होती. वर्तमानपत्रांत मुलींच्या वयाबद्दल पुरुषांचं भांडण चाललेलं आणि इथे मुलगी स्वतः बोलते आहे, हे ध्यानात घेतलं की हरिभाऊंनी प्रथमपुरुषी निवेदन का घेतलं असेल याचा अंदाज येतो. सत्तावीस वर्षांच्या आत-बाहेरच्या एका संपादकानं हे केलं, याचं मला आजही नवल वाटतं.

मोठ्यानं वाचण्याचा खरा उपयोग इथे कळतो. यमू सांगते तेव्हा ती मोठी झालेली आहे, सगळं भोगून बसलेली आहे, पण सांगत असते ती लहान यमूचं. एकट्यानं भराभर वाचताना हे दोन आवाज एकमेकांत मिसळून जातात. वाचून दाखवणाऱ्याला मात्र थांबून ठरवावं लागतं, की आत्ता बोलते आहे ती परकरातली पोर की तिच्याकडे मागे वळून पाहणारी बाई. आमच्यातल्या एकीनं दुर्गीचा भाग वाचायला घेतला. दुर्गी ही यमूची मैत्रीण, सासरचा छळ सोसणारी. वाचणारी पहिली दोन पानं गोष्ट सांगावी तशी वाचत होती. तिसऱ्या पानावर तिचा वेग आपोआप कमी झाला. घरातल्या घरात बायका एकमेकींशी किती हळू बोलतात, कोणाची चाहूल लागली की वाक्य कसं अर्धवट सोडतात, ते तिच्या वाचण्यातून ऐकू आलं. तो भाग आम्ही सगळ्यांनी घरी वाचलेला होता, पण हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी चर्चा वेगळी करावी लागली नाही. आपल्या आजीच्या, पणजीच्या हकीकती एकेक जण सांगत गेला, आणि यमू त्या घरांतली होऊन गेली.

एक अडचण मात्र हमखास येते, ती आवृत्तींची. हरिभाऊ १९१९ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे त्यांची पुस्तकं कोणालाही छापता येतात आणि अनेकांनी छापली आहेत. कोणाच्या हातात वाचनालयाची पुठ्ठ्याची जुनी प्रत असते, कोणाच्या हातात नवी, कोणाकडे संक्षिप्त. पृष्ठक्रमांक कधीच जुळत नाहीत. म्हणून वाटणी नेहमी प्रकरणांनी करा. आणि संक्षिप्त आवृत्ती कटाक्षानं टाळा. तिच्यात प्रसंग राहतात, पण यमूचं घोळवून घोळवून सांगणं जातं, आणि त्या सांगण्यातच तर ती कादंबरी आहे. पूर्ण प्रत हवी असेल तर जुनी सार्वजनिक वाचनालयं पाहा. नाशिकचं १८४०चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. अशा ठिकाणी कपाटातून शोधून देणारी माणसं भेटतात. गटातल्या एकानं तरी तिथली वर्गणी भरावी. पाच नव्या प्रती विकत घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, आणि वाचनालयही चालू राहतं.

हरिभाऊंनंतर गटाला वेगळी हवा लागते. इथे उद्धव शेळक्यांची ‘धग’ घ्यावी. ती १९६०ची. गरिबीत संसार रेटणारी, नवऱ्याला हात-पाय हलवायला लावणारी, मुलाच्या शिक्षणावर आशा लावून बसलेली कौतिक ही मराठी कादंबरीतल्या सर्वांत ताकदीच्या स्त्रियांपैकी एक आहे, असं मी कोणालाही बेधडक सांगेन. पण पश्चिम महाराष्ट्रातले वाचक पहिल्या वीस पानांत अडखळतात. संवाद वऱ्हाडीत आहेत. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ हे डोळ्यांना सवयीचं नसतं, आणि ‘करून राहिला’, ‘जाऊन राहिला’ अशी क्रियापदं वाचताना पुण्या-मुंबईच्या माणसाचा वेग निम्म्यावर येतो. काही जण पुस्तक मिटतात आणि ‘भाषा अवघड आहे’ म्हणतात.

आमच्यात एक मैत्रीण मूळची अमरावतीची. पुण्यात इतकी वर्षं काढल्यामुळे तिचं बोलणं इथलंच झालेलं. तिला म्हटलं, तूच वाच. पहिलं पान ती संकोचून वाचत होती. नंतर तिचे हेल तिच्या आईच्या घरचे झाले. कौतिक नवऱ्याशी बोलते ती वाक्यं आम्ही घरी भांडणासारखी वाचली होती. तिच्या तोंडून ती ऐकली तेव्हा त्यांत विनवणी होती. तिला विचारलं, तर ती म्हणाली, ‘अगं, हे चिडून नाही बोलत आहे ती, समजावतेय त्याला. आमच्याकडे असंच बोलतात.’ मग आम्ही त्या प्रकरणाकडे पुन्हा गेलो. कौतिकचा नवरा महादेव आम्हाला तोवर नुसता ऐतखाऊ वाटत होता. बायको त्याच्याशी इतक्या मायेनं बोलते हे कळल्यावर त्याच्याबद्दलचं आमचं मत बदललं, आणि पुढे त्याचं जे होतं ते वाचताना फार जड गेलं.

म्हणून यादी करताना पुस्तकांइतकंच गटातल्या माणसांकडे पाहा. कोण कुठलं आहे? दापोलीकडचं कोणी असेल तर श्री. ना. पेंडश्यांचा ‘गारंबीचा बापू’ त्याच्यासाठी राखून ठेवा. माणदेश, सांगली, आटपाडी ज्याला ठाऊक असेल त्याला ‘बनगरवाडी’तली धनगरांची बोलणी वाचायला द्या. वारणेच्या खोऱ्यातला कोणी असेल तर अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ त्याच्याच आवाजात ऐका. आपल्या भागातली कादंबरी आपण वाचून दाखवायची आहे हे कळलं की माणूस त्या भेटीला चुकत नाही. एरवी फारसं न बोलणारी माणसं त्या दिवशी सगळ्यांचं ऐकून घेतात आणि शेवटचा शब्द त्यांचा असतो.

ज्यांचं वाचून झालेलं नाही त्यांनी यायचं की नाही, हा प्रश्न प्रत्येक गटात निघतो. यायचंच. शेवट कळेल म्हणून घाबरायचं कारण नाही. या कादंबऱ्या शेवटाच्या गुपितावर उभ्या नाहीत. पुस्तक न संपल्याची लाज वाटली की माणूस घरी बसतो, आणि दोनदा घरी बसला की तो गटातून गेलाच समजा. ‘मी शंभराव्या पानावर आहे’ असं म्हणत कोणी आला तर त्याला शंभराव्या पानाबद्दल विचारा. अनेकदा त्याचं वाचन सगळ्यात ताजं असतं.

कधी कधी दोन पुस्तकं जोडीनं घेण्यात अर्थ असतो. ‘रणांगण’ झाल्यावर काही आठवड्यांनी विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ घ्या. विभावरी शिरूरकर म्हणजे मालती बेडेकर, विश्राम बेडेकरांच्या पत्नी. ‘बळी’ १९५०ची. ज्या जमातींवर इंग्रजांच्या १८७१च्या कायद्यानं जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्यांना तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतींत ठेवत. या वसाहतींचं काम मालतीबाईंनी स्वतः पाहिलं होतं, त्यातून ही कादंबरी आली. एकाच घरातल्या दोन लेखकांनी माणसाला जन्मावरून बाहेर काढण्याबद्दल लिहिलं. नवऱ्यानं युरोपातल्या ज्यूंबद्दल, बायकोनं आपल्या दाराशी असलेल्या कुंपणाबद्दल. बोटीवरच्या माणसांसाठी हळहळलेला गट ‘बळी’ वाचताना जास्त अस्वस्थ होतो, कारण इथे कुंपण घालणारे परके असले तरी त्याकडे पाठ फिरवणारे आपणच असतो. ही कादंबरी अजून फार कमी वाचली जाते आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

‘कोसला’बद्दल एकच सांगतो. ती आली १९६३ साली, ती लिहिणारे नेमाडे तेव्हा पंचविशीत होते. ती वाचल्यावर गटाचे दोन तट पडतात. काहींना तिचा नायक पांडुरंग सांगवीकर आपलाच वाटतो, काहींना तो असह्य होतो. हे मिटवायच्या नादाला लागू नका. दोन्ही बाजूंच्या एकेकानं आपल्याला पटलेलं किंवा खटकलेलं एक पान वाचून दाखवावं, आणि शेवटी पांडुरंगच्या बहिणीच्या मृत्यूचा भाग सगळ्यांनी मिळून वाचावा. आमच्याकडे त्यानंतर वाद चालूच राहिला, पण आवाज खाली आले.

पुढच्या आठवड्यात पेंडश्यांचे ‘तुंबाडचे खोत’. १९८७ साली आलेली, दोन खंडांची, जगबुडी नदीकाठच्या खोत घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांची ही कादंबरी गटानं कशी पेलायची, कोणी कुठला भाग घ्यायचा, ते पाहू. तोवर दोन कामं करून ठेवा. एका मोठ्या कागदावर वंशावळीसाठी जागा आखा. नावं वाचता वाचता भरायची आहेत. आणि वाचनालयात पहिल्या खंडासाठी आजच नाव नोंदवा, कारण दोन्ही खंड एकाच वेळी कपाटात सापडतील याची खात्री नसते.