खिडकी मिटण्याच्या कळा

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास जाणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्यें सुरू झाली. सुमारें तासाभराच्या या प्रवासांत मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करणारा प्रवासी दिसला, तर त्यांत आतां नवल राहिलेलें नाहीं. बोट हेलकावूं लागली कीं पडद्यावरील बाण कोपऱ्यांतल्या फुलीवर नेमका नेणें कठीण होतें. तशांत मांडव्याची जेटी दिसूं लागते आणि उतरण्याची घाई होते. अशा वेळीं कळफलक उपयोगीं पडतो. परंतु खिडकी मिटण्याच्या कळा अनेक आहेत, आणि त्यांतील भेद न जाणतां दाबलेली कळ तासाभराचें लेखन बुडवूं शकते.

विंडोज प्रणालींत कंट्रोल आणि डब्ल्यू या कळा एकत्र दाबल्या असतां बहुतेक प्रोग्रॅमांत समोरचा एकच दस्तऐवज, अथवा ब्राउझरमधील एकच टॅब, बंद होतो. आल्ट आणि एफ-४ ही जोडी मात्र समोरची सबंध खिडकी मिटते; ती ब्राउझरची असेल तर तिच्यांतील सारे टॅब तिच्याबरोबर जातात. आय. बी. एम. कंपनीनें १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमावलींत ही जोडी नमूद होती, आणि विंडोजमध्यें ती आजही रूढ आहे. कांहीं लॅपटॉपवर तिच्यासोबत एफ-एन ही कळही दाबावी लागते. एकही खिडकी उघडी नसतांना हीच जोडी दाबली, तर संगणकच बंद करावयाचा काय, असा प्रश्न पुढें येतो.

मॅकची रीत निराळी आहे. तेथें कमांड आणि डब्ल्यू यांनीं खिडकी मिटते, पण प्रोग्रॅम बहुधा चालूच राहतो. तो थांबविण्यास कमांड आणि क्यू या कळा लागतात. एक प्रवासी मांडव्यास उतरला म्हणून बोटीचें इंजिन बंद पडत नाहीं, तसेंच हें आहे.

या कळांनीं प्रोग्रॅमला मिळते ती एक प्रकारची विनंती होय. लेखन जतन झालेलें नसेल तर चांगला प्रोग्रॅम तें जतन करावयाचें काय, असें विचारतो. घाईनें नकार दिला तर काम गेलें. गोंधळ वाटल्यास एस्केप ही कळ दाबावी, म्हणजे बहुधा प्रश्न मागें पडून लेखन होतें तसें समोर राहतें. टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम सक्तीनें थांबविला, तर मात्र ही विचारपूस होत नाहीं. म्हणून तो उपाय प्रोग्रॅम अडकून बसला तरच योजावा. ब्राउझरचा टॅब चुकून मिटल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि टी यांनीं तो पुन्हा उघडतो. परंतु त्यांत अर्धवट भरलेला अर्ज परत मिळेलच, असा भरंवसा धरूं नये.

यास्तव जेटी दिसूं लागतांच आधीं कंट्रोल आणि एस् दाबून लेखन जतन करावें, आणि मगच खिडकी मिटावी. बोट धक्क्यास नीट लागल्यावांचून पाय बाहेर टाकूं नये, हें या मार्गावरील प्रवाशांस निराळें सांगावयास नको.