साधी टोपली आणि दफनभूमीतली भिंत

आमच्याबरोबर वर्षानुवर्षे वकिली केलेल्या एका बेने इस्रायली स्नेह्यांच्या मातोश्री वारल्या, तेव्हा आम्ही ठाण्याला त्यांच्या घरी गेलो होतो. दार उघडेच होते. भर कोर्टात आवाज चढवणारा हा माणूस जमिनीलगतच्या पाटावर बसला होता. अंगातला सदरा छातीपाशी फाडलेला. आम्ही सवयीने सांत्वनाचे शब्द जुळवू लागलो, तोच शेजारच्या वृद्धाने हातानेच थांबवले. दुःखी माणूस बोलल्याशिवाय आलेल्याने बोलायचे नाही, हा ज्यूंचा दंडक आम्हाला त्या दिवशी कळला. बऱ्याच वेळाने ते एवढेच म्हणाले, "आई गेली हो, साहेब."

ज्यू धर्मात या काळाला शिव्हा म्हणतात. शिव्हा म्हणजे सात. हे सात दिवस दुःखिताने कामधंदा करायचा नाही. दफनानंतरचा पहिला घास शेजाऱ्यांनी आणलेल्या अन्नाचाच. कद्दिश ही प्रार्थना म्हणायला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. त्या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखही नाही. म्हणजे एकट्याने रडून मोकळे होण्याची सोयच नाही, समाजाला दारात यावेच लागते! मृतदेहाला स्नान घालणारे स्वयंसेवक काही चुकले असल्यास मृताची क्षमा मागतात. मेलेला माणूस उपकार फेडू शकत नाही, म्हणून हीच खरी दया, असे ते मानतात. माणूस हतबल असतो तेव्हाच त्याचा मान राखायचा असतो, हे यामागचे सूत्र आहे.

पण हे सारे आपोआप घडले काय? नाही. तालमूद या ग्रंथात याचा इतिहास नोंदलेला आहे. पूर्वी शोकाच्या घरी श्रीमंतांकडे सोन्या-चांदीच्या टोपल्यांतून अन्न जाई, गरिबांकडे सोललेल्या फांद्यांच्या टोपल्यांतून. गरिबांना लाज वाटू लागली, तेव्हा ठरले की सर्वांकडे साधीच टोपली जाईल. श्रीमंत मृताचा चेहरा उघडा ठेवीत. गरिबाचा दुष्काळाने काळवंडलेला, म्हणून झाकीत. पुढे सर्वांचेच चेहरे झाकू लागले. अंत्यविधीचा खर्च तर मरणापेक्षा जड झाला होता, आप्त प्रेत टाकून पळून जात. तेव्हा रब्बान गमलिएल या धर्मनेत्याने स्वतःलाच साध्या तागाच्या कफनात नेण्याची व्यवस्था केली. मग लोक त्याच वाटेने गेले. कफनाला आजही खिसा नसतो.

एवढा उदात्त नियम असूनही १८३६ साली मुंबईत काय झाले? कोकणात 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जाणारे, मराठी बोलणारे बेने इस्रायली आणि मागून आलेले बगदादी ज्यू यांची दफनभूमी एकच होती. बगदाद्यांच्या काही पुढाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला की, दोघांच्या कबरींमध्ये भिंत घाला! धर्म एक, कफन एक, तरी शेजारची कबर नको. खुद्द बेने इस्रायलींतही गोरे आणि काळे असा भेद होताच. ग्रंथातली समता रोज राखली नाही तर तिला भिंत फुटते, ती अशी.

गावोगावच्या वेगळ्या स्मशानभूमींचे आणि अडवलेल्या वाटांचे दुःख सोसलेल्या आपल्या समाजाला ही भिंत समजावून सांगण्याची गरज नाही. ती पाडण्यासाठी संविधान आहे, न्यायालय आहे आणि आपला संघर्षही आहे. पण सोन्याच्या टोपलीचे काय? ती आता आपल्याच वस्त्यांत शिरते आहे. पुण्यानुमोदनाला मंडप, फ्लेक्स, पाचशे पानांचे जेवण. आणि शेजारचा रोजंदारीवरचा बांधव तेवढे जमले नाही म्हणून मान खाली घालतो, नाहीतर बापाच्या नावाने कर्ज काढतो. बाप गेल्याच्या दुःखात गरिबीची लाज मिसळावी, हे आपल्याला शोभते काय?

याविरुद्ध कोणत्याही कोर्टात दावा चालणार नाही. रब्बान गमलिएल यांनी इतरांना उपदेश करीत न बसता सुरुवात स्वतःपासून केली. आपल्यातल्या नोकरदारांनी, वकील-डॉक्टरांनी, पुढाऱ्यांनी ती आपल्या घरापासून करावी. आम्ही आमच्या घरी सांगून ठेवले आहे: वंदना व्हावी, चार माणसांनी शांत बसावे, आणि टोपली साधीच असावी.